गाण्याची लहान पेढी

ग्रामोफोनची जुनी तबकडी हातांत घेतली म्हणजे प्रथम दृष्टीस पडतो तो तिच्या मध्यभागींचा वाटोळा कागद. त्यावर कंपनीचें नांव, गाणाराचें नांव, रागाचें किंवा नाटकाचें नांव आणि एक आंकडा असतो. ह्या कागदाला लेबल म्हणतात. आणि पुढें पुढें तबकड्या काढणाऱ्या कंपनीलाच लेबल म्हणण्याचा प्रघात पडला. हा प्रघात वाटतो तितका चमत्कारिक नाहीं. आवाज कोणाचा, गाणें कोणतें, तें कोणी छापलें, हें सांगणारा कागद नसेल तर उरते ती लाखेची एक काळी थाळी. गाणाराच्या नांवाची नोंद करणें आणि ती नोंद आवाजासकट घरोघर पोंचविणें हें अशा कंपनीचें खरें काम होय. मोठ्या कंपन्यांनीं तें मोठ्या गवयांसाठीं केलें. एका शहरापुरत्या किंवा एका जिल्ह्यापुरत्या गाणारांसाठीं तें कोणी करावयाचें, हा प्रश्न तेव्हांही होता आणि आजही आहे.

यवतमाळ जिल्ह्याकडे पाहिलें म्हणजे ह्या प्रश्नाचें स्वरूप चांगलें ध्यानांत येतें. हा जिल्हा बाहेरच्यांस कापसाचा म्हणून ठाऊक आहे. गाण्याचा म्हणून त्याची कीर्ति नाहीं. परंतु पुसद, दिग्रस, दारव्हा ह्या बाजूच्या तांड्यांवर होळीच्या दिवसांत बंजारा लोकांच्या लेंगी सुरू झाल्या म्हणजे रात्र पुरत नाहीं. पांढरकवडा, वणी, झरी ह्या भागांत गोंड व कोलाम लोकांचा ढेमसा नाच होतो, दिवाळीच्या सुमारास दंडार निघते. गोंडांच्या कुळांच्या कथा गाऊन सांगणारे परधान आपली किंगरी घेऊन बसतात. गांवोगांव खंजिरीवरचीं भजनें आहेत, आणि तुकडोजी महाराजांच्या उदाहरणानें त्यांना वऱ्हाडांत एक निराळीच ऐट आलेली आहे. बौद्ध वस्त्यांतून भीमगीतें गाणारीं मंडळें आहेत. शहरांतल्या माडीवर पेटी काढून नाट्यपदें म्हणणारा सुशिक्षित वर्गही होताच. एवढें सगळें गाणें एका जिल्ह्यांत नांदत असतां त्याचा आवाज जिल्ह्याबाहेर फारसा गेला नाहीं, ह्याचें कारण गाणारांची उणीव हें नव्हे.

ह्या जिल्ह्याच्या दक्षिणेस पैनगंगा आहे आणि नदीपलीकडे आदिलाबाद. क्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ नांवाच्या मानववंशशास्त्रज्ञानें १९४० नंतरच्या वर्षांत तेथील राजगोंडांमध्यें मुक्काम केला, परधानांच्या तोंडून त्यांच्या दैवतकथा उतरून घेतल्या, आणि १९४८ सालीं त्यांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. हा ग्रंथ मोलाचा आहे. परंतु कागदावर उतरले ते शब्द. किंगरीच्या तारेवर गज कोठें थबकतो, गाणारा कोणत्या अक्षरावर श्वास सोडतो, साथ करणारा कोठें त्याचें वाक्य उचलतो, हें कागदावर उतरत नाहीं. सरकारनेंही १९१३ पासून १९२९ पर्यंत भाषांच्या पाहणीसाठीं देशांतील कित्येक बोलींचे नमुने तबकड्यांवर घेतले होते. पण ते अभ्यासकांच्या उपयोगाचे. जत्रेंत विकावयाचे ते नव्हतेच. ज्यांचें गाणें त्यांच्याच घरीं तें वाजावें, ह्यासाठीं कोणी तरी व्यापारी लागतो. आणि व्यापाऱ्याचा हिशेब कसा चालतो तें पाहिल्यावांचून पुढची गोष्ट समजावयाची नाहीं.

हिंदुस्थानांत ह्या व्यापाराचा आरंभ १९०२ सालीं झाला. त्या वर्षीं लंडनच्या कंपनीचा फ्रेडरिक गाइसबर्ग कलकत्त्यास उतरला, तेथें त्यानें गौहरजान प्रभृति गाणारांचे आवाज मेणाच्या थाळ्यांवर घेतले, आणि तबकड्या छापण्यासाठीं ते जर्मनीकडे रवाना झाले. हॅनोव्हर येथील कारखान्यांतून छापून आलेल्या तबकड्या बोटीनें पुन्हां इकडे येत. तिकडील कारागिरांना इकडची भाषा कळण्याचा संभवच नव्हता. म्हणून गाणें संपतां संपतां गाणारानें आपलें नांव मोठ्यानें सांगावें अशी रीत पडली, असें सांगतात. गौहरजानबाईंनीं इंग्रजींत केलेली ती घोषणा जुन्या तबकड्यांत अद्याप ऐकूं येते. नांवाची नोंद ठेवण्याची ही पहिली आणि काहींशी भाबडी तऱ्हा. १९०८ सालीं कलकत्त्यास कारखाना निघाला, आणि तबकड्या येथेंच छापल्या जाऊं लागल्या.

आरंभीं कंपन्यांचे तज्ज्ञ सामान घेऊन शहरोशहरीं हिंडत. १९२५ नंतर विजेवरचें मुद्रण आलें, मोठ्या शहरांत पक्कीं मुद्रणगृहें झालीं, आणि गाणारानेंच मुंबई किंवा कलकत्ता गांठावें असा क्रम अधिकाधिक पडत गेला. विदर्भाचा अनुभव ह्याच प्रकारचा आहे. मेहकरचे कवि ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता विदर्भांतलेच गायक जी. एन्. जोशी यांनीं गाइली, आणि १९३० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांतच तिची तबकडी निघाली. मराठी भावगीताचा आरंभ कित्येक जाणते ह्या तबकडीपासून धरतात. कवि वऱ्हाडचा, गायक विदर्भाचा. पण तबकडी मात्र हिज् मास्टर्स व्हॉइसची. जोशी पुढें त्याच कंपनींत अधिकारी झाले आणि कित्येक मोठ्या गवयांचे आवाज त्यांच्या देखरेखीखालीं मुद्रित झाले. परंतु जोशी कायद्याचें शिक्षण घेतलेले गृहस्थ होते. मुंबईस जाणें, कंपनीच्या माणसाशीं बोलणें, करारनामा वाचून सही करणें, हें त्यांना जमण्यासारखें होतें. तांड्यावर लेंगी म्हणणाऱ्या गड्याला किंवा किंगरीवाल्या परधानाला तें कसें जमावें?

आणि अडचण नुसत्या अंतराची नव्हती. तबकडी तयार कशी होई हें पाहिलें म्हणजे तिचें दुसरें अंग दिसतें. मुद्रणगृहांत मेणाची जाड थाळी फिरत असे आणि तिच्यावर आवाजाच्या कंपनानें हालणारी सुई नागमोडी रेघ कोरीत जाई. ह्या मेणावर ग्रॅफाइटची अगदीं बारीक पूड चोळून विजेच्या साहाय्यानें तांब्याचा थर चढवीत. तो थर अलगद सोडविला म्हणजे रेघेच्या जागीं उंचवटा असलेला उलटा ठसा मिळे. उलट्यावरून सुलटा, आणि सुलट्यावरून पुन्हां छापण्याचे उलटे ठसे काढीत. ह्या शेवटच्या ठशांच्या जोडींत लाखेचा ऊन लगदा दाबला कीं दोन्ही बाजू एकदम छापून तबकडी बाहेर येई. छापतां छापतां ठसा झिजे, मग सुलट्यावरून दुसरा काढावा लागे.

लाख म्हणजे पळस, बोर, कोशिंब असल्या झाडांवर राहणाऱ्या बारीक किड्यांची राळ. विदर्भाच्या रानांत पळस पावलोपावलीं भेटतो. फाल्गुनांत आगगाडींतून पाहणाऱ्यालाही तो ओळखावा लागत नाहीं. तबकडींत लाख बेताचीच असे; बाकीची भरती दगडाची भुकटी, काजळी आणि थोडें तंतुमय द्रव्य यांची. दगडाची भुकटी मुद्दाम घालीत. पोलादी सुई पहिल्या कांहीं फेऱ्यांतच तिच्यावर घासून रेघेच्या मापाची व्हावी, अशी योजना होती. अर्थात् एक बाजू वाजली कीं सुई निकामी झाली. सुया वांचविणाऱ्या काटकसरी घरांतल्या तबकड्या आज खरखरतात आणि उधळ्या घरांतल्या स्वच्छ वाजतात, ही ह्या विद्येंतली एक मौज आहे.

आतां हिशेब असा. मुद्रणगृह, तज्ज्ञ, मेण, तांब्याचे ठसे, गाणाराची बिदागी, साथीदारांचा मुशारा, हा सर्व खर्च एक तबकडी काढा कीं हजार काढा, सारखाच. लाख आणि कागद यांचा खर्च मात्र दर तबकडीमागें वाढत जाणारा, पण तो मानानें थोडा. म्हणून जितक्या प्रती अधिक खपतील तितका दर प्रतीवर पहिल्या खर्चाचा बोजा हलका होतो. मोठी कंपनी ह्यामुळेंच सर्व प्रांतांत खपेल असा आवाज शोधते. बालगंधर्व, मास्टर दीनानाथ, हिराबाई बडोदेकर यांच्या तबकड्या कोल्हापुरांत खपतील तशाच नागपुरांत खपतील. लेंगीची तबकडी मात्र जिचें तिलाच गिऱ्हाईक. तें गिऱ्हाईक निष्ठावंत असेल, आनंदानें पदरचे पैसे मोडील. पण तें थोडें आहे. मोठ्या पेढीचा मुनीम अशा मालाकडे पाहून मान हालवितो, आणि त्याच्या वहीपुरतें त्याचें बरोबरच असतें.

लहान पेढीची वही निराळी असते. १९३५ च्या सुमारास मुंबईंत नॅशनल ग्रामोफोन रेकॉर्ड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी निघाली. तिच्या तबकड्यांवरचें नांव ‘यंग इंडिया’. ह्याच नांवाचें गांधीजींचें साप्ताहिक थोड्याच वर्षांपूर्वीं बंद पडलें होतें. तेव्हां नांवांतली स्वदेशीची हांक गिऱ्हाइकाला वेगळी समजावून सांगावी लागली नसेल. वडाळ्यास तिचा स्वतःचा कारखाना होता, आणि ही गोष्ट महत्त्वाची आहे. कारण पुष्कळ लहान कंपन्या आवाज आपण घेत व छापण्यासाठीं दुसऱ्याच्या दारीं जात. ज्याच्या दारीं जावयाचें तोच बहुधा प्रतिस्पर्धी असे.

नवीन कंपनीपुढें पहिली अडचण उभी राहिली ती गवयांची. नांवाजलेले गवई व नट मोठ्या कंपन्यांच्या करारांनीं बांधलेले होते. त्यांना सोडवून आणण्याइतका पैसा नव्या पेढीजवळ कोठून असणार? मग तिनें नवे, हौशी, अप्रसिद्ध गाणारे घेतले. शाळामास्तर, कारकून, मेळ्यांत गाणारीं मुलें, कीर्तनकार, शाहीर अशा प्रकारच्या माणसांना ह्या धंद्यांत दार उघडतें तें असल्याच पेढीचें. भजनें, भावगीतें, पोवाडे, राष्ट्रीय गीतें असा सर्व तऱ्हेचा माल निघाला. सुमारें वीस वर्षें ही कंपनी चालली आणि तेवढ्या अवधींत तिनें हजारों गाणीं काढलीं. अशा पेढीवर ज्याचा आवाज लोकांना आवडला त्याच्याकडे मोठ्या कंपन्यांचें लक्ष जावयाचें आणि तो तिकडे निघून जावयाचा, हा क्रम ह्या धंद्यांत सर्वत्र दिसतो. पेरणी एकाची आणि कापणी दुसऱ्याची, असें त्यांत होतें खरें.

त्या तबकड्यांतलें सर्वच गाणें उत्तम होतें असें म्हणणें ही मात्र निव्वळ भलावण होईल. कांहीं आवाज कच्चे आहेत, कांहींची साथ ओबडधोबड आहे, आणि पुष्कळ ठिकाणीं हौस विद्येच्या पुढें धांवते. पण आज अभ्यासूंना ह्या दोषांतच एक निराळी किंमत दिसूं लागली आहे. नांवाजलेल्या गवयाचा आवाज पाहिजे तितक्या ठिकाणीं जपला गेला. त्या काळचा साधा माणूस कसा गात होता, मराठी शब्दांचा उच्चार गांवोगांव कसा बदलत होता, गल्लींतल्या मेळ्याची चाल कशी होती, हें सांगणारे पुरावे अशा हलक्यासलक्या तबकड्यांतच राहिले आहेत. पंडिताला निवडीची जागा असते. मुद्रणाच्या खोलींत तीन मिनिटें मिळालेल्या हौशी माणसाला ती नसते. तो येतो तसाच गातो.

तीन मिनिटांचा हा प्रश्न मोठा होता. दहा इंची तबकडीची एक बाजू तीन-सव्वातीन मिनिटांत संपे. ख्याल गाणाऱ्या बुवांना ती अडचण होती, तर रात्रभर चालणाऱ्या दंडारीची काय कथा! परंतु येथेंच गांवच्या पेढीचा आणि परक्या पेढीचा फरक पडतो. परका तज्ज्ञ घड्याळ पुढें ठेवून गाण्याचा आरंभ घेतो आणि वेळ संपली कीं हात वर करतो. ज्याला तें गाणें लहानपणापासून ठाऊक आहे तो जाणतो कीं आरंभीचें नमन लोक ऐकतच नाहींत. मध्यरात्रीं जेथें सवाल-जबाबाला रंग चढतो तेथलीं तीन मिनिटें घेतलीं पाहिजेत. कापावें तर लागतेंच. कोठें कापावें हें मात्र त्या गाण्यांत वाढलेल्यालाच कळतें.

मोठ्यांच्या छायेंत लहानांनीं केलेल्या अशा कामाचें दुसरें एक उदाहरण अमेरिकेंतलें आहे, आणि तें गांव मुंबईपेक्षां यवतमाळशीं अधिक जुळणारें आहे. इंडियाना राज्यांत रिचमंड नांवाचें एक लहान शहर आहे. तेथें पियानो बनविणारा स्टार नांवाचा कारखाना होता. त्यानें जोडधंदा म्हणून तबकड्या काढावयास आरंभ केला आणि त्यांना ‘जेनेट’ असें नांव दिलें. आडव्या कापाच्या रेघेवर आपलाच हक्क आहे असें म्हणून व्हिक्टर ह्या बलाढ्य कंपनीनें तिच्यावर दावा लावला. १९२० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांतच निकाल लहान कंपनीच्या बाजूनें लागला, आणि ती रीत सर्वांनाच मोकळी झाली. १९२३ सालीं किंग ऑलिव्हरचा निग्रो वाद्यवृंद शिकागोहून ह्या गांवीं येऊन वाजवून गेला. त्यांत लुई आर्मस्ट्राँग नांवाचा एक तरुण होता. पुढें जगभर गाजलेल्या ह्या वादकाचा तबकडीवरचा पहिला आवाज तो हाच.

ह्या मुद्रणगृहाला लागूनच आगगाडीचा फांटा होता. गाडी आली कीं काम थांबवावें लागे. यवतमाळास मूर्तिजापुराहून जी चिंचोळी आगगाडी कापसासाठीं म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभीं बांधली गेली, आणि जिला लोक पुढें शकुंतला म्हणूं लागले, तिच्या फेऱ्या बेताच्याच असत. यवतमाळास मुद्रणगृह निघालें असतें तर ह्या एका बाबतींत तरी तें रिचमंडपेक्षां सुखी झालें असतें. आतां तर ती गाडीही धांवत नाहीं.

जेनेटचा धंदा १९३० नंतरच्या मंदींत बसला. ‘यंग इंडिया’ १९५५ च्या सुमारास बंद पडली. लहान पेढी बंद पडली म्हणजे खरा तोटा सुरू होतो. मोठ्या कंपनीच्या तळघरांत ठसे राहतात, वह्या राहतात, करारपत्रें राहतात. मालक बदलला तरी तीं नव्या मालकाकडे जातात. लहान पेढीच्या तांब्याला मोडीचा भाव येतो आणि वह्यांना रद्दीचा. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत लाखेची टंचाई पडली तेव्हां कित्येक देशांत जुन्या तबकड्या परत घेऊन त्या वितळवून नव्या काढीत. म्हणजे कालच्या गाणाराच्या आवाजावरच आजच्या गाणाराचा आवाज छापला गेला. १९७० च्या सुमारास आपल्याकडे ह्या लाखेच्या तबकड्यांचें उत्पादनच थांबलें. त्यानंतर त्या माळ्यावर गेल्या, तेथून जुन्या बाजारांत, आणि पुष्कळशा फुटल्या. आज त्यांतल्या कित्येकांचा शोध लागतो तो खाजगी संग्राहकांकडे. १९९० सालीं मुंबईंत अशा संग्राहकांनीं ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही संस्था काढली. तिचे सुरेश चांदवणकर यांनीं ‘यंग इंडिया’सारख्या विसरलेल्या कंपन्यांचा माग काढून त्यांची माहिती प्रसिद्ध केली. अशा मंडळींचें काम पुष्कळदां मोडीच्या ढिगाऱ्याशीं बसूनच सुरू होतें.

मध्यंतरीं रेडिओ आला होता. नागपूरचें केंद्र १९४८ सालीं सुरू झालें, पुढें यवतमाळासही आकाशवाणीचें केंद्र झालें. रेडिओनें गांवच्या गाणारांना मान दिला, मानधन दिलें, आणि शेतकऱ्यांपर्यंत त्यांचा आवाज नेला. पण ऐकणाराच्या हातीं तो आवाज राहिला नाहीं. वारा आला आणि गेला, असें त्याचें स्वरूप. पाहुण्यासमोर काढून वाजवावी अशी वस्तु घरांत असणें, हें सुख रेडिओला देतां येत नाहीं.

ज्याला तबकडी परवडत नव्हती त्या लहान पेढीला पुढें कॅसेटनें हात दिला. १९८० नंतरच्या दशकांत कॅसेटीवर आवाज उतरविण्याचीं यंत्रें इतकीं स्वस्त झालीं कीं शहरोशहरीं लहान कंपन्या निघाल्या. पूर्वीं बाजारावर एकट्या ग्रामोफोन कंपनीची जी पकड होती ती सुटली. पीटर मॅन्युएल ह्या अमेरिकन अभ्यासकानें १९९३ सालीं ह्या उलथापालथीवर ग्रंथ लिहिला, आणि तिचें मर्म नेमकें हेंच आहे कीं ठशाचा पहिला खर्चच नाहींसा झाला. चार-पांचशें प्रती खपल्या तरी नुकसान नाहीं, असें प्रथमच झालें. भीमगीतें, बंजारा गाणीं, जत्रेंतलीं भजनें ह्यांना बाजार मिळाला तो ह्या काळांत. मात्र ह्या घाईंत एक गोष्ट हरवली. कॅसेटीच्या वेष्टनावर देवाचें चित्र मोठें, मुख्य गायकाचें नांव ठळक, आणि ढोलकी कोणाची, पेटी कोणाची, चाल कोणाची, मुद्रण कोणत्या सालचें, ह्याचा पुष्कळदां पत्ताच नाहीं. ग्रामोफोनच्या त्या वाटोळ्या इवल्या कागदानें जेवढें सांगितलें तेवढेंही सांगण्याची कोणाला गरज वाटली नाहीं.

आज तर मुद्रणयंत्र ज्याच्या त्याच्या खिशांत आहे. लग्नांत, होळींत, दंडारींत पन्नास मोबाइल वर होतात आणि गाणें क्षणांत जगभर जातें. मग लहान पेढीचें प्रयोजन संपलें काय? उलट आतां तें अधिक उघड झालें आहे. छापणें आणि पोंचविणें हीं पेढीचीं कामें यंत्रानें घेतलीं. निवडणें, नोंदणें, मोबदला देणें आणि जपणें हीं चार कामें अंगावर घेणारें यंत्र अद्याप निघालेलें नाहीं.

ह्यांतलें मोबदल्याचें काम कायद्याशीं जुळलेलें आहे, म्हणून तें थोडें समजून घ्यावें. १९५७ च्या कायद्याप्रमाणें ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रसिद्धीनंतर आतां साठ वर्षें राहतो. म्हणजे १९५५ पर्यंतच्या तबकड्यांच्या मुद्रणावर आज कोणाचा हक्क उरलेला नाहीं; त्या पुन्हां प्रसिद्ध करावयास कोणी आडवा येणार नाहीं. कवीचा व चाल बांधणाराचा हक्क मात्र निराळा. तो त्यांच्या मृत्यूनंतर साठ वर्षें चालतो. ज्याला कवि ठाऊक नाहीं अशा परंपरेच्या गाण्याला असा धनी नसतो, आणि येथेंच लुबाडणूक होते. कोणी तरी तांड्यावर येतो, गाणें मुद्रित करतो, वाद्यांची चार थरांची सजावट चढवितो आणि स्वतःच्या नांवानें काढतो. १९९४ पासून कायद्यानें गाणारालाही त्याच्या गाण्यावर स्वतंत्र हक्क दिलेला आहे, आणि २०१२ च्या दुरुस्तीनें तो अधिक पक्का झाला. पण हक्क सिद्ध करण्यास लेख लागतो: कोणी, कोठें, कोणत्या दिवशीं गाइलें. हा लेख ज्याच्या वहींत आहे तो गाणारा उद्यां कांहीं मागूं शकतो. ज्याच्याजवळ तो नाहीं त्याच्या हातीं नुसती हळहळ राहते.

यवतमाळसारख्या जिल्ह्यांत अशी पेढी कोणी काढूं म्हणेल तर तिला इमारत नको, मोठें भांडवलही नको. एक चांगला मायक्रोफोन, एक शांत खोली आणि बरीचशी पायपीट एवढ्यावर आरंभ होईल. पुसदच्या तांड्यावरची लेंगी, झरीकडची दंडार, वणीच्या बाजूची खंजिरी, हीं जेथलीं तेथेंच मुद्रित करणें अधिक बरें. खोलींत आणलेल्या नाचणाऱ्याचे पाय गप्प होतात आणि पाय गप्प झाले कीं गाणेंही अर्धें होतें. दर मुद्रणामागें एक पान: मुख्य गाणारा, झीलकरी, वाद्यें आणि वाजविणारे, बोली कोणती, गाणें कोणाकडून शिकलें, गांव, तिथि. गाणाराच्या बोलींत लिहिलेला एक पानी करार, आणि तो वाचून दाखवून घेतलेली सही किंवा अंगठा. मुद्रणाची एक प्रत गाणाराच्या घरीं, एक जिल्ह्याच्या ग्रंथालयांत, एक जिल्ह्याबाहेर, म्हणजे एक घर जळालें तरी आवाज उरेल. कोलामी आणि गोंडी ह्या द्राविड कुळांतल्या भाषा. नोंद करणाराजवळ त्या बोलणारा माणूस नसेल तर वहींत चुकाच भरतील. म्हणून असल्या पेढीचा मुनीम त्याच वस्तींतला असणें हें अगत्याचें आहे.

खपाचा प्रश्न राहतोच. परंतु अशा मालाचें गिऱ्हाईक आतां जिल्ह्यापुरतें राहिलेलें नाहीं. वऱ्हाडांतून पुण्या-मुंबईस पोटासाठीं गेलेले, साखर कारखान्यांच्या ऊसतोडीवर हंगामभर राहणारे, परदेशीं स्थायिक झालेले असे पुष्कळ लोक आपल्या गांवच्या गाण्याला भुकेलेले असतात. मोठ्या कंपनीच्या यादींत त्यांना तें मिळत नाहीं, आणि नांवगांव नसलेल्या हजार तुकड्यांतून तें शोधणेंही सोपें नाहीं.

जुन्या तबकड्या शोधणाऱ्या मंडळींना पुष्कळदां मधला कागद फाटलेला किंवा ओलीनें पुसून गेलेला सांपडतो. अशा वेळीं ते तबकडी उजेडाकडे तिरपी धरतात. कागदाच्या कडेशीं, जेथें रेघ संपते तेथल्या कोऱ्या जागेंत, ठशावरच उमटविलेला एक बारीक आंकडा असतो. सुईचा तेथें फारसा वावर नसल्यामुळें तो सहसा झिजत नाहीं. मायकेल किनियर ह्या ऑस्ट्रेलियन संशोधकासारख्या अभ्यासकांनीं असल्या आंकड्यांवरून आणि कंपन्यांच्या जुन्या याद्यांवरून हजारों तबकड्यांची ओळख पटविली आहे. आंकडा वाचून ते यादी उघडतात, आणि यादी जपलेली असली तर गाणाराचें नांव सांपडतें.